पुण्याच्या पंपावरचं ई२० पेट्रोल: लिटरमागे काय मिळतं, गाडीत काय बिघडतं, नोझलपाशी काय तपासायचं

कर्वे रोडला गाडी भरा नाहीतर हडपसरला, साध्या पेट्रोलच्या नोझलमधून आता ई२०च येतं: ८० भाग पेट्रोल, २० भाग इथेनॉल. ६ फेब्रुवारी २०२३ला बंगळुरूत याची सुरुवात झाली तेव्हा ते मोजक्या पंपांवर होतं. २०२५मध्ये ते देशभर पसरलं आणि गिऱ्हाइकाला निवडीची सोय उरली नाही. पुण्यासारख्या दुचाक्यांच्या शहरात रोज एवढी खपणारी दुसरी वस्तू नसेल. तरी तिच्या पावतीवर दर आणि लिटर यापलीकडे फारसं काही नसतं. इथेनॉल किती, ते उसाचं की मक्याचं, ऊर्जा किती, याचा पत्ता नाही. म्हणून हे परीक्षण.

मत आधी सांगून टाकू. एप्रिल २०२३नंतर बनलेल्या गाडीसाठी हे चांगलं इंधन आहे, बिनधास्त भरा. त्याआधीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ते चालतं, पण ॲव्हरेज कमी होतं आणि रबरी भागांकडे लक्ष द्यावं लागतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला थोडं काम केल्याशिवाय ते घालू नये. दराच्या बाबतीत मात्र तिन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांवर अन्याय आहे. आणि कच्च्या तेलाची जी बचत या इंधनाच्या नावावर सांगितली जाते, ती ऐकायला वाटते त्यापेक्षा बरीच लहान आहे.

बाटलीत काय आहे

पुण्याचं बरंचसं पेट्रोल मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्यांत तयार होतं, पाइपलाइनने घाट चढून लोणी काळभोरच्या टर्मिनलला येतं आणि तिथून टँकरने पंपावर जातं. इथेनॉल या पाइपलाइनमधून येत नाही, कारण ते वाटेत पाणी ओढून घेतं. ते साखर कारखान्यांच्या आणि धान्याच्या डिस्टिलरीतून टँकरने येतं आणि टर्मिनलवर पेट्रोलमध्ये मिसळलं जातं.

या धंद्यात पुण्याचा हात मोठा आहे. इथेनॉलचे प्रकल्प उभारणारी प्राज इंडस्ट्रीज इथलीच. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीला. गाड्यांवर इंधनाची चाचणी घेणारी एआरएआय कोथरूडच्या टेकडीवर. शुद्ध इथेनॉल, म्हणजे ई१००, विकण्याचा पथदर्शी प्रकल्पही ५ जून २०२१ला पुण्यातच सुरू झाला.

इथेनॉलचे दोन गुण इथे लक्षात ठेवायचे. पहिला, त्याचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटण्याचा गुण, मोठा आहे. बीएस६ या सध्याच्या प्रदूषण-मानकाचं मूळ पेट्रोल ९१ ऑक्टेनचं, ई२० साधारण ९५चं. त्यामुळे इंजिन ठोकत नाही, आणि त्यासाठीच जुळवलेल्या इंजिनात कॉम्प्रेशन वाढवता येतं, स्पार्क थोडा आधी देता येतो. दुसरा, त्याच्या वजनात जवळपास ३५ टक्के ऑक्सिजन असतो. जळण स्वच्छ होतं, पण ऑक्सिजन काही जळत नाही, म्हणून लिटरमागे उष्णता कमी मिळते. पुढचे सगळे फायदे-तोटे या दोन गोष्टींतून निघतात.

पैशाचा हिशेब

पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलच्या लिटरमध्ये सुमारे २१. वीस-ऐंशीचं मिश्रण केलं की लिटरमागे साधारण २९.८ मेगाज्यूल उरतात. म्हणजे पावणेसात टक्क्यांच्या आसपास घट. दर लिटरला १०४ रुपये धरला, तर तेवढीच ऊर्जा तेवढ्याच भावात मिळायला ई२०चा दर सुमारे ९७ रुपये हवा. तसा तो नाही.

रस्त्यावर एवढी पूर्ण घट सगळ्यांना जाणवत नाही. नीती आयोगाच्या जून २०२१च्या आराखड्यात आकडे दिले आहेत. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१०ला जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटतं, तशाच दुचाकीचं ३ ते ४ टक्क्यांनी. ई१०साठी बनवून ई२०ला जुळवलेल्या चारचाकीचं १ ते २ टक्क्यांनी. वाढलेल्या ऑक्टेनचा फायदा ज्या इंजिनाला घेता येतो ते गेलेल्यातलं बरंच परत मिळवतं, बाकीच्यांना तो घेता येत नाही.

रुपयांत बघू. लिटरला ४५ देणारी स्कूटर महिन्याला ६०० किलोमीटर चालते असं धरा. चार टक्के घटीने अर्धा लिटर जास्त, पन्नास-पंचावन्न रुपये. लिटरला १५ देणारी जुनी कार महिन्याला हजार किलोमीटर चालवली, तर सात टक्क्यांनी जवळपास पाच लिटर जास्त, म्हणजे पाचशे रुपये. वर्षाचे सहा हजार. नोकरदार माणसाच्या खिशाला हा आकडा जाणवतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १० टक्के मिश्रणाचा टप्पा जून २०२२मध्येच गाठला होता. त्यामुळे ही घट एका रात्रीत आलेली नाही, निम्मी आधीच पोटात गेली होती. कुणाची गाडी एकदम ॲव्हरेजला वीस टक्क्यांनी पडली असेल, तर दोष इंधनाचा नाही. टायरची हवा, एअर फिल्टर, चिकटलेले ब्रेक आणि क्लच आधी बघा.

दर का कमी होत नाही, याचंही कारण आहे. २०२४-२५च्या पुरवठा वर्षात तेल कंपन्यांनी सी-हेवी मळीचं, म्हणजे साखर काढून शेवटी उरलेल्या मळीचं, इथेनॉल लिटरला ५७.९७ रुपयांनी घेतलं, उसाच्या रसाचं ६५.६१ आणि मक्याचं ७१.८६ रुपयांनी. त्यावर जीएसटी आणि वाहतूक वेगळी. कमी ऊर्जेच्या इंधनाला एवढा भाव दिला की स्वस्त मिश्रण निघायला जागाच राहत नाही. शेतकऱ्याला भाव मिळावा हे रास्तच. पण त्याचा भार कोणावर पडतो हे पंपावर लिहिलेलं असावं, एवढी मागणीही तितकीच रास्त आहे.

इथेनॉल नसलेलं १०० ऑक्टेनचं पेट्रोल पुण्यात काही पंपांवर डिसेंबर २०२०पासून मिळतं. साध्या पेट्रोलच्या दीडपट भावाने ते रोजच्या वापरात परवडणार नाही. वर्षातून दोनदा बाहेर निघणारी जपलेली गाडी असेल तरच त्याचा विचार करा.

गाडीत काय करायचं

नव्या गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाजवळ ई२०चं स्टिकर असतं. ते असलं की पुढचा भाग सोडून दिलात तरी चालेल.

स्टिकर नसलेल्या इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असेल, तर मिश्रण पातळ झाल्याचं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडल्याचं, ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) कळतं आणि तो इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. शुद्ध पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, ई२०ला साधारण साडेतेरा पट. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं, आणि ईसीयूची मर्यादा याहून खूप मोठी असते. मेकॅनिककडे या संगणकातले आकडे वाचणारा ओबीडी स्कॅनर असतो. त्यावर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने इंधन किती टक्के वाढवलंय तो आकडा, बघायला सांगा. अधिक पाच ते दहाच्या आसपास असेल तर सगळं ठीक. पंधरा-वीसच्या पुढे गेला असेल, तर ई२०ला दोष देऊ नका. इंजेक्टर चोंदलाय, फ्युएल पंपाचं प्रेशर पडलंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. पुढे पी०१७१ हा पातळ मिश्रणाचा कोड येतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो.

कार्ब्युरेटरच्या गाडीला सेन्सर नाही. जेटच्या भोकातून जेवढं जाईल तेवढंच जातं आणि मिश्रण पातळ राहतं. लक्षणं ओळखीची आहेत. थंडीत सकाळी चोक ओढल्याशिवाय चालू होत नाही, कारण इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते. सिग्नलला आयडलिंग वरखाली होतं. ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो. प्लग काढून बघितला तर टोक विटकरीऐवजी पांढरट दिसतं. पांढऱ्या प्लगवर महिनोन्‌महिने चालवलेलं इंजिन गरम होत राहतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट खाल्ली जाते.

काम असं करून घ्यायचं. आधी पेट्रोलचा पाइप. दोन बोटांत दाबून बघा. चिकट लागला, फुगलाय असं वाटलं किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या तर बदला. साधा काळा रबरी पाइप दोन वर्षांत पुन्हा तसाच होईल. फ्लुओरोइलॅस्टोमरचं अस्तर असलेला पाइप मागा, मेकॅनिक त्याला व्हायटॉन म्हणतात. त्याबरोबर पेट्रोल कॉकचं वॉशर, फ्लोट बाऊलचं, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या भांड्याचं, गॅसकेट आणि फ्लोट पिनचं रबरी टोक. हे तिन्ही भाग किरकोळ किमतीचे असतात, पण त्यांतला एक फुगला तरी कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो आणि पेट्रोल थेंबाथेंबाने गरम इंजिनावर पडतं. आगीचा धोका इथे आहे, म्हणून हा भाग पुढे ढकलू नका.

मग फिल्टर. इथेनॉल चांगला द्रावक आहे. वर्षानुवर्षं टाकीच्या तळाशी बसलेला चिकटा आणि गंज ते सोडवून घेतं आणि सगळं जेटकडे येतं. त्यामुळे ई२० सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदलायचाच. पेट्रोल कॉकच्या आत जाळी असते, तीही काढून धुवायची. टाकीतच गंज असेल तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही. टाकी उतरवून साफ करावी लागते.

शेवटी जेट. मेन जेट १०० नंबरचा असेल तर १०२ किंवा १०५ घालून बघा, त्यापुढे जाऊ नका. मिकुनी आणि केइहिनचे नंबर सारखे नसतात, म्हणून जेट त्याच कंपनीचा घ्या. मिक्शर स्क्रू पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही. दहा-पंधरा किलोमीटर चालवून प्लग पुन्हा काढा. काळा आणि कोरडा झाला असेल तर उलट बाजूला गेलात: ॲव्हरेज जाईल आणि पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वर येईल. चोंदलेला जेट साफ करताना तार घालू देऊ नका. पितळेचं भोक तारेने मोठं होतं आणि सगळा हिशेब बिघडतो. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा पुरेशी असते.

पावसाळा

ई२०बद्दलच्या सगळ्यात जास्त तक्रारी जून ते सप्टेंबरमध्ये येतात, आणि त्याला रसायनशास्त्राचं कारण आहे. जुन्या पेट्रोलमध्ये पाणी गेलं की ते तळाशी वेगळं बसायचं. इथेनॉल असलं की थोडं पाणी त्यात विरघळून जातं आणि इंजिनात जळूनही जातं. ई१० साधारण अर्धा टक्का पाणी सामावून घेतं, ई२० त्याहून थोडं जास्त. ही मर्यादा ओलांडली की पाणी एकटं खाली बसत नाही, इथेनॉललाही सोबत ओढतं. तळाशी पाणी-इथेनॉलचा थर, वर ऑक्टेन घसरलेलं पेट्रोल. फ्युएल पंप तळातून ओढतो, त्यामुळे इंजिनाला पहिला घास त्या थराचाच मिळतो. गाडी दोन झटके देऊन बंद पडते आणि सेल मारून मारून बॅटरी उतरते.

इथेनॉल हवेतून ओलावा ओढतं हे खरं असलं, तरी बंद झाकणाच्या टाकीत ते फार सावकाश होतं. पाणी येतं ते बहुतेक वेळा झाकणातून. दुचाकीच्या पेट्रोलच्या झाकणाभोवती एक खोलगट कडा असते आणि त्या कडेत पाणी वाहून जायला बारीक भोक असतं. त्या भोकात धूळ आणि चिखल बसला की पावसाचं पाणी कडेत साचतं, आणि झाकण उघडलं की सरळ टाकीत पडतं. मे महिन्यात झाकण उघडून, टाकीच्या तोंडावर कापड धरून, ते भोक हवेने मोकळं करून घ्या. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तेही बदला. पाच मिनिटांच्या या कामाने पावसाळ्यातले निम्मे त्रास वाचतात.

फ्लोट बाऊलच्या तळाशी ड्रेन स्क्रू असतो. पेट्रोल कॉक बंद करून, इंजिन थंड असताना, खाली काचेची बाटली धरून तो सैल करा. बाटली दहा मिनिटं स्थिर ठेवली की तळाशी धुरकट थर दिसतो का ते कळतं. दिसला तर टाकीही रिकामी करा, नुसता बाऊल साफ करून आठवड्याने तेच होईल. काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नये. आपली गटारं नाल्याला आणि नाले मुळा-मुठेला मिळतात. बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

महिनाभर गाडी बंद राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा किंवा पूर्ण रिकामी करा. अर्धी ठेवू नका, रिकाम्या जागेतल्या दमट हवेने पत्र्याला गंज चढतो.

एवढ्या खटाटोपात कच्चं तेल किती वाचतं

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त आयात होतं. २०२४-२५मध्ये त्याचं बिल १३७ अब्ज डॉलरच्या घरात होतं. हे ओझं हलकं करायला इथेनॉल आणलं, असा युक्तिवाद आहे. तो चुकीचा नाही, पण हिशेब पूर्ण करायला हवा.

त्या वर्षी देशात सगळी मिळून सुमारे २३.९ कोटी टन पेट्रोलियम उत्पादनं वापरली गेली. त्यात डिझेल सुमारे ९.१ कोटी टन आणि पेट्रोल ४ कोटी टन, म्हणजे एकूण वापराच्या सहाव्या हिश्श्याएवढं. त्याचा पाचवा भाग इथेनॉल केला, तर एकूण वापराच्या साडेतीन टक्क्यांहून कमी. इथेनॉलची कमी ऊर्जा लक्षात घेतली तर दोन टक्क्यांच्या आसपास. शिवाय कच्च्या तेलाच्या पिंपातून, म्हणजे १५९ लिटरमधून, नुसतं पेट्रोल काढता येत नाही. त्याच पिंपातून डिझेल, गॅस, विमानाचं इंधन, डांबर, प्लॅस्टिकचा कच्चा माल निघतो. आपल्या रिफायनऱ्या चालतात त्या मुख्यतः डिझेलच्या मागणीवर. पेट्रोल कमी खपलं तरी डिझेलसाठी तेल आणावंच लागतं, आणि जास्तीचं पेट्रोल निर्यात होतं. परकीय चलन त्यातूनही मिळतं, हे खरं. पण ट्रक आणि मालवाहतुकीचं डिझेल कमी झाल्याशिवाय तेलाची आयात मोठ्या प्रमाणात घटणार नाही.

हवेच्या बाजूने बघितलं तर ई२०ला चांगले गुण द्यावे लागतील. नीती आयोगाच्या त्याच आराखड्यानुसार दुचाकीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्याने कमी झाला, चारचाकीच्या ३० टक्क्यांनी. न जळलेले हायड्रोकार्बन २० टक्क्यांनी कमी. नायट्रोजनच्या ऑक्साइडमध्ये ठळक फरक नाही. ॲसिटाल्डिहाइड मात्र वाढतं, आणि पीयूसीत ते मोजलं जात नाही. लक्ष्मी रोडसारख्या अरुंद रस्त्यावर, जिथे गाड्या मिनिटामिनिटाला थांबतात, कार्बन मोनॉक्साइड कमी होण्याला नक्कीच किंमत आहे.

आता पाणी. याबाबतीत पुण्याने डोळे उघडे ठेवायला हवेत. नीती आयोगाच्याच हिशेबाने उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २८६० लिटर पाणी लागतं. स्कूटरमध्ये पाच लिटर ई२० भरलं की त्यात एक लिटर इथेनॉल आलं. ते उसाचं असेल तर माणशी दिवसाला १३५ लिटर धरून एका माणसाचं एकवीस दिवसांचं पाणी त्यात गेलं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून पुणे पाणी पितं, आणि त्याच साठ्यातून नव्या मुठा उजव्या कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरच्या शेताला आवर्तन जातं. त्या पट्ट्यात ऊस आहे. उन्हाळ्यात धरणं तळाला गेली की शहर आणि शेतकरी यांच्यात दरवर्षी जी ओढाताण होते, तिच्यात आता गाडीची टाकीही वाटेकरी झाली आहे.

उसावरचा सगळा दोष इथेनॉलवर टाकणंही बरोबर नाही. सी-हेवी मळी साखर काढून उरलेली असते, तिच्यासाठी वेगळा ऊस लावला जात नाही. इथेनॉलचा पैसा साखरेपेक्षा लवकर हातात येतो, त्यामुळे कारखान्यांना एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, वेळेवर देणं सोपं झालं. ऊस घातल्यावर चौदा दिवसांत पैसे मिळावेत असा १९६६चा आदेश आहे, आणि तो पाळला जाणं हे ऊस उत्पादकाच्या घरासाठी फार मोठं असतं. पण हा आधारही डळमळीत आहे. पाऊस कमी पडला, साखर कमी होणार असं दिसलं, तेव्हा ७ डिसेंबर २०२३ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. काही दिवसांत ती थोडी सैल केली, आणि ऑगस्ट २०२४मध्ये पूर्ण उठवली. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांचा हंगाम मध्येच अडकला. त्यानंतर मक्याकडे ओढा वाढला आणि आता निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्याचं आहे. मक्याला पाणी कमी लागतं, हे चांगलं. पण मका हेच कोंबड्यांचं खाद्य, त्यामुळे भाववाढीचा चिमटा पोल्ट्रीवाल्यांना बसला.

डिस्टिलरीच्या मागच्या दाराने काय बाहेर पडतं तेही यात धरायला हवं. मळीपासून एक लिटर इथेनॉल करताना आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश नावाचं सांडपाणी निघतं, गडद तपकिरी आणि सेंद्रिय भाराने गच्च. ते आटवून बॉयलरमध्ये जाळायचं किंवा बायोगॅस करून मग कंपोस्टमध्ये जिरवायचं, बाहेर थेंबही सोडायचा नाही, असा नियम आहे. नियम पाळणाऱ्या कारखान्यात हे नीट होतं. न पाळणाऱ्याच्या शेजारच्या विहिरीचं पाणी लाल होतं आणि गावाला टँकरवर यावं लागतं.

आणि पेट्रोलचे उरलेले ८० भाग अजून कच्च्या तेलातूनच येतात. पुण्यात आपण ते भरतो तेव्हा रिफायनरीच्या चिमण्या दिसत नाहीत, कारण त्या माहुलमध्ये आहेत. तिथल्या रहिवाशांनी हवेतल्या वाफांबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी केल्या, आणि २०२०मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या कंपन्यांवर भरपाई बसवली. पुण्याच्या लिटरची किंमत तिथेही मोजली जाते.

नोझलपाशी

पंपावर तीन तपासण्या मागण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे, त्याही फुकट.

माप. पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं. त्यात पाच लिटर सोडायला सांगा. २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी आलं तर त्या नोझलवरून विक्री थांबवायला हवी. डिस्प्लेवर शून्य बघणं पुरेसं नाही. २०१७मध्ये ठाणे पोलिसांनी पंपांवर छापे घातले तेव्हा युनिटच्या आत बसवलेल्या चिप सापडल्या, आणि बाहेरच्या आकड्यांवरून ते कळणं शक्यच नव्हतं.

घनता. हायड्रोमीटरने मोजून, तापमान बघून, तक्त्यावरून १५ अंशाला नेलेला आकडा पंपावर लिहिलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे. घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक पडला तर भेसळीचा संशय घ्यायला जागा आहे. रॉकेलने घनता वाढते.

फिल्टर पेपर. नोझलचं टोक पुसून एक थेंब कागदावर टाका. दोन मिनिटांत डाग न ठेवता उडाला पाहिजे. तेलकट डाग राहिला तर रॉकेल किंवा डिझेल. मात्र जादा इथेनॉल किंवा पाणी या कागदाला कळत नाही.

इथेनॉल किती आहे हे घरी बघता येतं. १०० मिलिलिटरचं काचेचं मेजरिंग सिलिंडर घ्या. त्यात ५० मिलिलिटर पाणी, वर ५० मिलिलिटर पेट्रोल. तोंड बंद करून सावकाश उलटसुलट करा, मध्ये मध्ये बूच उघडून दाब जाऊ द्या, मग दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. तो ६०च्या आसपास आला तर मिश्रण वीस टक्क्यांचं. ६५ आला तर तीस टक्के, आणि ती तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे. हे मोकळ्या हवेत करा, जवळ काडी, गॅस किंवा विजेचं बटण नको.

पहाटे भरलं की थंड आणि म्हणून जास्त मिळतं, या समजुतीवर वेळ घालवू नका. टाकी जमिनीखाली असते, तिचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. त्यापेक्षा दोन गोष्टी पाळा. टँकर खाली होत असेल तर थांबा, तळाचा गाळ ढवळलेला असतो. आणि पंपाच्या आवारात पाणी तुंबलं असेल त्या दिवशी दुसरा पंप बघा. भूमिगत टाकीत पाणी शोधायला डिप रॉडला पेस्ट लावतात. जुनी पेस्ट इथेनॉलच्या मिश्रणात भरवशाची नाही, त्यासाठी वेगळी मिळते. पावसाळ्यात मॅनेजरला ती आहे का आणि आज रॉड घातला का, हे विचारायला काहीच हरकत नाही.

नोझल आपोआप बंद झाल्यावर राउंड फिगरसाठी आणखी पिळू देऊ नका. बीएस६ गाडीत टाकीच्या वाफा अडवायला कार्बनचा कॅनिस्टर असतो. त्यात द्रव पेट्रोल गेलं की तो निकामी होतो आणि बदलायला काही हजार रुपये लागतात. शिवाय वरून सांडलेल्या वाफांत बेंझीन असतं, पेट्रोलमध्ये ते एक टक्क्यापर्यंत चालतं. आपण तिथे दोन मिनिटं असतो, नोझल धरणारा पोरगा आठ तास. साध्या मास्कने वाफ अडत नाही. ती परत ओढून घेणारी यंत्रणा महिन्याला ३०० किलोलिटर विक्रीची क्षमता असलेल्या नव्या पंपांना लागते, तसंच जानेवारी २०२०च्या नियमांनुसार नवा पंप शाळा, दवाखाना आणि घरांपासून ५० मीटरवर हवा. पेठांतले इमारतींना चिकटलेले पंप त्याच्या कितीतरी आधीचे आहेत.

तक्रार करायची तर पावती घ्या, तिच्यावरचा नोझल नंबर आणि वेळ बघा, आणि पंपावरच्या तक्रार पुस्तकात तिथल्या तिथे लिहा. मापाची तक्रार वैधमापन विभागाकडे जाते, दर्जाची तेल कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याकडे, ज्याचा नंबर पंपावर लावलेला असतो. गाडी बंद पडली असेल तर टाकीतलं अर्धा लिटर स्वच्छ, कोरड्या काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बाटलीत काढून, मेकॅनिकसमोर सील करून, तारीख घालून ठेवा. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीतला नमुना कुणी ग्राह्य धरत नाही.